पाण्याच्या बाटलीतले पेट्रोल



गेल्या महिन्यात भुसावळच्या आमच्या शाखा कार्यालयात लोको शेडमधले एक फिटर भाऊ पतपेढीच्या कर्जाचा अर्ज घेऊन आले. जामीनदार म्हणून माझी सही हवी होती. त्यांच्या मुलाने जुनी मोटार घेऊन भाड्याने चालवायला सुरुवात केली आहे आणि तिला 'हायड्रोजन किट' बसवायचे आहे. किंमत रुपये १८,०००. बॉनेटखाली पाण्याची बाटली बसते, बॅटरीच्या विजेने पाण्याचा गॅस होतो, तो इंजिनात जातो आणि लिटरला १५ किलोमीटर जाणारी गाडी २२ जाते, असे विकणाऱ्याने सांगितलेले. मी सही केली नाही. भाऊ रागावून गेले. त्यांना जे दोन मिनिटांत नीट सांगता आले नाही ते इथे लिहितो, कारण असे अर्ज इतर शाखांतही येत असणार.

पाण्यात वीज सोडली की हायड्रोजन आणि ऑक्सिजन सुटतात, हे खरे आहे. हायड्रोजन जळतो, हेही खरे आहे. विक्रेता इथपर्यंत खरेच बोलतो. पण वीज कुठून आली असे विचारले की तो म्हणतो, "बॅटरीतून, ती फुकटच आहे."

बॅटरी फुकट भरत नाही हे रेल्वेच्या माणसाला सांगायला नको. आपल्या जुन्या पद्धतीच्या डब्याखाली अल्टरनेटर असतो, तो ऍक्सलवरच्या पुलीवरून पट्ट्याने फिरतो. डब्यातले दिवे-पंखे लागले की तो जड फिरतो आणि तो भार शेवटी पुढच्या इंजिनावर जातो. आर.एम.एस.च्या डब्यात रात्र-रात्र सॉर्टिंग केलेल्या डाक बंधूंना आठवत असेल, गाडी सिग्नलला फार वेळ अडकली की दिवे मंद होत. चाक फिरायचे थांबले की बॅटरीचा साठा किती पुरतो ते त्या पिवळ्या उजेडात दिसायचे. मोटारीतही तेच आहे. अल्टरनेटर इंजिनाच्या पट्ट्यावर फिरतो आणि इंजिन पेट्रोलवर.

मी मॅट्रिकपर्यंतच शिकलेला. म्हणून ट्रेन लायटिंगमधल्या एका साथीकडून हिशेब करून घेतला. १०० रुपयांच्या पेट्रोलमधून चाकाच्या कामी येते साधारण २५ रुपयांचे. बाकीचे रेडिएटर आणि सायलेन्सरमधून उष्णता होऊन जाते. हे २५ चाकाला न देता अल्टरनेटरला दिले तर वीज मिळते १५ रुपयांची. त्या विजेने पाणी फोडले तर गॅस होतो ९-१० रुपयांचा. तो गॅस त्याच इंजिनात जाळला की पुन्हा चौथा हिस्साच हाती लागतो, म्हणजे अडीच रुपये. पंचवीस घालून अडीच परत! आपल्या पतपेढीने असा व्यवहार केला असता तर वार्षिक सभेत खुर्च्या फेकल्या गेल्या असत्या.

बरे, गॅस तरी किती? १२ व्होल्टवर १५ अँपियर घेणारी बाटली चांगली चालली तर मिनिटाला जेमतेम १ लिटर गॅस देते. त्यातल्या हायड्रोजनची उष्णता होते सुमारे १२० वॅट, म्हणजे जुन्या ६० वॅटच्या दोन बल्बइतकी. ताशी ४ लिटर पेट्रोल पिणारे इंजिन त्याच वेळी सुमारे ३५,००० वॅटची उष्णता जाळत असते.

मग "मला फरक पडला" असे शपथेवर सांगणारे लोक खोटे बोलतात काय? बहुतेक नाही. पैसे घालून किट बसवले की माणूस ॲक्सिलरेटरवर पाय हलका ठेवतो, आणि तेवढ्यानेही ॲव्हरेज वाढते. टाकी भरताना अर्धा लिटर इकडे-तिकडे झाले तरी आकडा बदलतो. काही किटांसोबत एक छोटी इलेक्ट्रॉनिक पेटी येते. ती इंजिनाच्या ऑक्सिजन सेन्सरला फसवून पेट्रोल कमी सोडायला लावते. काही दिवस बचत दिसते, मग इंजिन अडखळते, व्हॉल्व्ह जळण्याची भीती असते आणि मेकॅनिकचे बिल येते.

हायड्रोजनमुळे पेट्रोल अधिक विरळ मिश्रणात जळू शकते, हे शास्त्रज्ञांनी तपासलेले आहे. अमेरिकेच्या 'नासा'ने १९७७ मध्ये तसा अहवाल छापला. विक्रेते त्याचा दाखला देतात. पण तिथे हायड्रोजन सिलिंडरमधून किंवा मिथेनॉलपासून घेतलेला होता. गाडीच्याच अल्टरनेटरवर पाणी फोडून नव्हे. आपल्या रेल्वेने जिंद–सोनीपत मार्गासाठी हायड्रोजनची गाडी हाती घेतली, तिचेही तसेच. तिथे गॅस जमिनीवरच्या कारखान्यात बाहेरच्या विजेने तयार करून टाक्यांत भरायचा. एका किलोला पन्नासहून अधिक युनिट वीज लागते आणि त्यात साठते ३३ युनिटांची ऊर्जा. सरकार हा तोटा उघडपणे हिशेबात धरते, बाटलीवाला तो लपवतो.

ही फसवणूक नवी नाही. अमेरिकेत ओहायोच्या न्यायालयाने १९९६ मध्ये पाण्यावर गाडी चालवण्याचा दावा करणाऱ्या स्टॅन्ली मेयर याला गुंतवणूकदारांची घोर फसवणूक केल्याबद्दल पैसे परत करायला लावले. त्याचे 'नवे' यंत्र तज्ज्ञांनी तपासले तर पाणी फोडण्याची नेहमीचीच रीत निघाली. २००९ मध्ये तिथल्याच फेडरल ट्रेड कमिशनला हजार डॉलरवर किंमतीचे हायड्रोजन किट विकणाऱ्यांविरुद्ध न्यायालयात जावे लागले. त्यांचा दावा होता किमान ५० टक्के बचतीचा.

पैशाहून मोठी गोष्ट जिवाची. बॅटरी रूममध्ये बिडी ओढू नये हे आपण पहिल्या दिवशी शिकतो. हवेत ४ टक्के हायड्रोजन झाला की ठिणगी पुरते, आणि बाटलीत तर तो ऑक्सिजनसह मिसळूनच तयार होतो. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे वाहनात असे मनमानी बदल करता येत नाहीत. उद्या अपघात झाला तर विमा कंपनीला हात झटकायला कारण मिळेल.

त्या भावांचा राग मी समजतो. पेट्रोल जीएसटीबाहेर ठेवून केंद्र उत्पादन शुल्क घेते, राज्य मूल्यवर्धित कर घेते, आणि भाड्याची गाडी चालवणाऱ्या पोराच्या हाती दिवसाअखेर काय राहते ते घरचे पाहतात. त्याविरुद्ध आपण निवेदने दिली आहेत, पुढेही देऊ. तूर्त मुलाने चाकांतली हवा दर आठवड्याला तपासावी आणि एअर फिल्टर बदलावा. याला कर्ज लागत नाही.

ते फिटर भाऊ परवा पुन्हा आले. विक्रेत्याला २,००० रुपये आगाऊ दिले होते, पावती आहे. ५ लाखांपर्यंतच्या व्यवहारासाठी जिल्हा ग्राहक आयोगात तक्रारीला शुल्क नाही. आमच्या शाखेतील आणखी कोणी अशी रक्कम दिली असेल तर पावतीची आणि जाहिरातीची झेरॉक्स घेऊन शनिवारी संध्याकाळी सहानंतर कार्यालयात यावे. अर्ज एकत्रच लिहू.