सकाळ आदल्या रात्रीच सुरू होते

आमचं घर रायपूरच्या सदर बाजारात, सराफांच्या दुकानांमागे. तिथे सूर्य आपल्या साताऱ्यापेक्षा सुमारे अर्धा तास आधी उगवतो. तरीही घरात रोज घाई! ‘मोजे कुठे आहेत?’, ‘डबा झाला का?’ सगळे प्रश्न आईलाच.

दिवाळीच्या सुट्टीत मी शिस्त आणायचं ठरवलं. पहाटे ५ वाजता शिट्टी फुंकली. आजी दचकली, धाकटी बहीण रडली, बाबांनी शिट्टी जप्त केली.

मग लक्षात आलं, शाळेतली सकाळ शिट्टीमुळे सुरळीत होत नाही. रात्रीच बूट पॉलिश करून, गणवेश काढून ठेवलेला असतो आणि ज्याचं तो करतो, म्हणून होते. घरी सगळ्यांचं एकटी आई करते. (मोजे मीही तिलाच विचारायचो, हे कबूल.) तिने आणखी लवकर उठणं हा उपाय नव्हे.

पालकहो, ‘बिचारा दमून आलाय’ म्हणून आम्हाला सुट्टीत मोकळं सोडू नका. शेवटचा आठवडाभर मी रात्री पाण्याच्या बाटल्या भरल्या, बहिणीने स्वतःचं दप्तर भरलं, बाबांनी भाजी चिरली, जरा जाडच. आई सकाळी बसून चहा प्यायली. मी परतल्यावरही बाबा भाजी चिरतात का, हे रविवारी फोनवर विचारणार आहे.