घट्ट म्हणजे किती घट्ट?

आपल्याकडे 'घट्ट' या शब्दाला फार मान आहे. दही घट्ट हवं, वरण घट्ट हवं, आणि गाडीच्या चाकाचे नट तर असे घट्ट हवेत, की पुन्हा कुणाच्या बापाला सुटता कामा नयेत! दही-वरणाबद्दल माझी काही तक्रार नाही. नटांबद्दल आहे, आणि ती मी आज तोंडावर करणार आहे.

नट हा सुटण्यासाठीच जन्माला आलेला असतो, एवढंच माझं म्हणणं. चाक कायमचंच बसवायचं असतं तर कंपनीने ते वेल्डिंग करून नसतं का दिलं? आमच्या बँकेची स्ट्राँगरूम बघा. दार हत्तीला ढळणार नाही असं. पण सकाळी दोन किल्ल्या लागल्या की मुकाट्याने उघडतं. जे उघडत नाही त्याला दार म्हणत नाहीत, भिंत म्हणतात.

पण टायरच्या दुकानात हा विचार सांगायला जावं, तर तिथे हवेची बंदूक चालू असते. पूर्वी पंक्चरवाला उकिडवा बसून पान्याने नट आवळायचा. आता पोरगा बंदूक लावतो, 'टर्रर्रर्र' असा आवाज निघतो, आणि गिऱ्हाईक सनई ऐकल्यासारखं तृप्त होतं. वर पोरगा म्हणतो, "पक्कं करी दिधं, भाऊ!" किती पक्कं, हे त्याला ठाऊक नसतं आणि भाऊलाही विचारावंसं वाटत नाही. कॅशियरने नोटांचं बंडल हातावर तोलून "असतील लाखभर" म्हटलं तर हेच भाऊ काउंटरवर चढतील!

आमच्या बँकेतल्या एक मॅडम सासूबाईंचं मोतीबिंदूचं ऑपरेशन करून छत्रपती संभाजीनगरहून परतत होत्या. कन्नड घाटात, रात्री, टायर बसलं. मॅडम हुशार. यंत्राने गाडी उचलण्याआधी, चाक जमिनीवर असतानाच नट सैल करायचे, हे त्यांना माहीत. पाना लावला, जोर केला, शेवटी पान्यावर उभ्या राहिल्या. नट ढिम्म! पूर्वी अशा वेळी एखादा ट्रकवाला देवासारखा उतरायचा आणि आपली लांबलचक टॉमी घालून एका झटक्यात मोकळं करायचा. पण 2023 साली हायकोर्टाच्या आदेशाने घाटातली अवजड वाहतूक बंद झाली, तेव्हा तोही आधार गेला. डोळ्यावर पट्टी बांधलेल्या सासूबाई दोन तास गाडीत, आणि बाहेर मॅडम एकट्या. याला कुणी 'किरकोळ गैरसोय' म्हणणार असेल, तर त्याने एकदा रात्री त्या वळणावर उभं राहून दाखवावं.

मी कॉमर्सचा माणूस, पण हिशेब मांडतो. आमच्या तालुक्यात पाटणला शिलालेख आहे. भास्कराचार्यांच्या नातवाने आजोबांचे ग्रंथ शिकवायला मठ काढल्याची नोंद त्यात आहे. तेव्हा गणिताची लाज आम्ही तरी बाळगू नये. छोट्या गाडीच्या नटाला साधारण शंभर न्यूटन-मीटर जोर पुरतो. गाडीतला पाना असतो वीतभर, फार तर पंचवीस सेंटिमीटर. म्हणजे त्याच्या टोकावर चाळीस-एक किलो वजन पडलं की नट हलला पाहिजे. मॅडम पंचावन्न किलोच्या. सहज जमलं असतं. पण बंदूक चारपट जोर काढू शकते. मग लागतात एकशेसाठ किलो! म्हणजे मॅडम, सासूबाई, आणि वर आमचे ब्रँच मॅनेजर.

त्यात चाकं अलॉयची. अ‍ॅल्युमिनियमचं चाक लोखंडी हबवर बसतं; मध्ये पाणी शिरलं की दोन धातूंचं भांडण लागतं, पांढरी पूड धरते, आणि नट निघाले तरी चाक हबला मिठी मारून बसतं. 31 ऑगस्ट 2021 ला तितूर आणि डोंगरी गावात शिरल्या, त्यानंतर आमच्या आळीत हे दृश्य फुकट बघायला मिळालं. काही नटांवर शोभेची चकचकीत टोपी असते. तिच्याखाली गंज धरला की टोपी फुगते आणि कंपनीचाच पाना कंपनीच्याच नटावर बसत नाही. शोभेचे पैसे मात्र वेगळे घेतलेले असतात.

दुकानदार म्हणतात, "सैल राहिलं आणि चाक निघालं तर?" बरोबर आहे! म्हणूनच तर मोजा म्हणतो. अती आवळल्याने बोल्ट ताणला जातो, आणि ताणलेला बोल्ट एक दिवस तुटतो. सुरक्षितपणाच्या नावाखाली हे चाललंय. "एवढी भीती वाटते तर घरी बसा," असंही एकाने ऐकवलं. आमच्या गावचे केकी मूस वर्षानुवर्षं बंगल्याबाहेर पडले नाहीत, पण ते कलावंत होते. आम्हाला दहाला बँकेत पोहोचायचं असतं.

अडलेल्या नटाला गंज सोडवणारं तेल मारून थोडा वेळ थांबावं, पान्यात लांब पाइप घालावा. गॅसची ज्योत मात्र कुणाला लावू देऊ नये. अलॉय तापून कमजोर होतं. पण ही सगळी मलमपट्टी झाली. दुखणं दुकानात आहे. बंदूक नट सोडवायला खुशाल वापरा. आवळायला टॉर्क रेंच घ्या. ठरावीक जोर आला की 'टक्' वाजतो, संपलं काम. हबवरची पूड तारेच्या ब्रशने काढायला दोन मिनिटं लागतात. आणि चाक बसवल्यावर शे-पन्नास किलोमीटरने नट पुन्हा तपासून घ्यायला या, असं गिऱ्हाइकाला सांगायला तर काहीच पडत नाही.

बँकेत पाटी असते : काउंटर सोडण्यापूर्वी रोकड मोजून घ्यावी. मी तोच नियम टायरच्या दुकानात लावतो. चाक बसलं की पैसे देण्याआधी गाडीतला पाना काढतो आणि म्हणतो, "यातला एक नट याच पान्याने, हाताने सोडवून दाखव." सुटला तर तो मोजून परत आवळायचा आणि पैसे घ्यायचे. आता मी लांबून दिसलो तरी पोरगा बंदूक खाली ठेवतो आणि आत ओरडतो, "शेठ, ते बँकवाले उनात!"