मोहक खुनी आणि संशयित आदिवासी

खुनी देखणा असला, चार भाषा बोलत असला आणि उंची हॉटेलांत वावरत असला, की त्याच्या चरित्राला गिऱ्हाईक मिळते. चार्ल्स शोभराजला ते अर्धशतक मिळत आले आहे. १९७५-७६ च्या सुमारास थायलंड, नेपाळ आणि भारतात ज्या तरुण प्रवाशांना गुंगीची औषधे पाजून लुटले गेले आणि ज्यांच्यापैकी कित्येकांचे मृतदेहच पुढे हाती आले, त्यांतील एक तरी नाव प्रेक्षकांच्या स्मरणात आहे काय?

या धंद्याला अलीकडे एक नवी वाट सापडली आहे. खुनी थेट दाखवायचा नाही. त्याच्यावर भाळलेल्या स्त्रीच्या नजरेतून दाखवायचा. अमेरिकेतील टेड बंडीवरचा २०१९ चा चित्रपट त्याच्या प्रेयसीच्या आठवणींवर बेतला आहे. ‘मैं और चार्ल्स’ (२०१५) मध्ये शोभराजच्या प्रेमात पडलेली कायद्याची विद्यार्थिनी आहे, तर ‘द सर्पंट’ (२०२१) या मालिकेत त्याची साथीदार मारी-आंद्रे लेक्लेर्क. सहचारिणीच्या डोळ्यांनी पाहिल्यावाचून फसवणूक कशी घडते ते उमगत नाही, असे याचे समर्थन केले जाते. ते अगदीच पोकळ नाही. लेक्लेर्कने भारतीय तुरुंगात वर्षे काढली, कर्करोग जडल्यावर ती मायदेशी गेली आणि १९८४ मध्ये वारली. परंतु कॅमेरा तिच्या डोळ्यांत बसला, की प्रेक्षकाला तासन्‌तास खुन्यावर विश्वास ठेवण्याची चैन करता येते. मेलेल्याच्या डोळ्यांत कॅमेरा बसवणे तोट्याचे असते. (मराठी दिग्दर्शक चिन्मय मांडलेकर यांनी २०२५ मध्ये ‘इन्स्पेक्टर झेंडे’ काढून गोव्यात शोभराजला पकडणाऱ्या मधुकर झेंडे यांना नायक केले आणि खुन्याला हास्यास्पद केले, हे त्यातल्या त्यात बरे.)

मोहकता हा जणू जन्मजात गुण आहे, असे हे चित्रपट गृहीत धरतात. वस्तुतः ती समाजाने दिलेली पत आहे. सफाईदार इंग्रजी, कोरे कपडे आणि खिशातला पैसा यांना दारे आपोआप उघडतात, तिहारची दारेसुद्धा. १६ मार्च १९८६ रोजी वाढदिवसाच्या मेजवानीत पहारेकऱ्यांना गुंगी देऊन शोभराज पळाला, तो कैदी असूनही मेजवानी देण्याच्या स्थितीत होता म्हणून. तीन आठवड्यांनी, ६ एप्रिलला, पर्वरीच्या उपाहारगृहात तो पकडला गेला.

ही पत कोणाला मिळत नाही, हे पाहायचे तर जुन्या चांदा जिल्ह्यात यावे. २६ मार्च १९७२ च्या रात्री देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात मोलमजुरी करणाऱ्या एका अनाथ आदिवासी मुलीवर अत्याचार झाला. आरोपी होते दोन पोलीस. सत्र न्यायालयाने तिलाच खोटारडी ठरवले. उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने १९७६ मध्ये पोलिसांना शिक्षा दिली. सर्वोच्च न्यायालयाने १५ सप्टेंबर १९७८ रोजी ती रद्द केली. कारण काय, तर अंगावर जखमा नाहीत, म्हणजे प्रतिकार नाही. ठाण्याचे दार आतून लावलेले असताना एकटी मुलगी खाकी वर्दीचा प्रतिकार कसा करणार, हा विचार न्यायमूर्तींना शिवला नाही.

त्याच न्यायालयाने अवघ्या सोळा दिवसांपूर्वी, ३० ऑगस्ट १९७८ रोजी, दुसरा एक निकाल दिला होता. बेमुदत घातलेल्या बेड्यांविरुद्ध तिहारमधील एका कैद्याने दाद मागितली होती आणि त्याच्या बाजूने कौल लागला. कैदीही माणूसच असतो, ही त्या निकालामागील भूमिका योग्यच होती. तिचा लाभ पुढे अनेक गरीब कैद्यांना झाला. तो अर्जदार चार्ल्स शोभराज होता. देसाईगंजच्या मुलीला मात्र माणूसपण मिळवून देण्यासाठी चार कायदेपंडितांना १९७९ मध्ये सरन्यायाधीशांना खुले पत्र लिहावे लागले, स्त्रियांना रस्त्यावर यावे लागले, तेव्हा कुठे १९८३ मध्ये कायदा बदलला. तिचे गुन्हेगार सुटले ते सुटलेच.

भामरागडच्या माडिया माणसाने तर विश्वास ही वस्तू पाहिलेलीच नाही. नक्षलवाद्यांनी त्याला खबऱ्या म्हणून मारले, पोलिसांनी नक्षल समर्थक म्हणून धरून नेले. आरोपपत्र मराठीत, युक्तिवाद मराठी-इंग्रजीत आणि त्याची भाषा माडिया. गडचिरोलीच्या सत्र न्यायालयात तारखेला जायचे, तर त्याच्या घरच्यांना दीडशे किलोमीटरहून अधिक वाट तुडवावी लागते; पावसाळ्यात पर्लकोटेला पूर आला की तीही बंद. त्याच्या बायकोच्या नजरेतून चित्रपट काढावा, असे कोणत्याही निर्मात्याला वाटलेले नाही. तिला नवरा मोहक वाटतो की नाही, हे कोणी विचारत नाही. तो कोणत्या तुरुंगात आहे, पुढची तारीख कधी आणि कोर्टात तिचे बोलणे समजणारा कोणी असेल का, एवढेच तिला विचारायचे आहे. शोभराजच्या पुढच्या चित्रपटावर चर्चा घेण्याआधी कार्यकर्त्यांनी आपापल्या गावातील अशा घरांची यादी करावी.