नुसता शेक मागू नका

कंबरदुखीचे बहुतेक रुग्ण आल्या आल्या एमआरआयचा रिपोर्ट टेबलावर ठेवतात. "मणक्यात गॅप आहे, शेक देऊन टाका." फिजिओथेरपी शिकताना आमचाही सगळा भर सांधे, स्नायू आणि नसांवरच असायचा. प्रॅक्टिस वाढली तसे माझे प्रश्नही वाढत गेले. झोप लागते का? कामाला कसे बसता? घरात कसली काळजी आहे?

शिवणकाम करणाऱ्या एका ताईंची मान कित्येक महिने दुखत होती. शेक घेतला की दोन दिवस बरं, मग पुन्हा तेच. विचारल्यावर कळलं: लग्नसराईत मध्यरात्रीपर्यंत मशीन चालू, बसायला बुटकं स्टूल, अपुरी झोप आणि मुलीच्या फीची धास्ती. स्टूल बदललं, दर अर्ध्या तासानं उठायचं ठरवलं, खांद्याचे सोपे व्यायाम दिले. घरच्यांना बोलावून पाणी भरण्याचं काम वाटून घ्यायला सांगितलं. मान मोकळी व्हायला दीड-दोन महिने लागले, पण शेकासाठी येणं थांबलं.

आजाराकडे शरीर, मन आणि परिस्थिती यांच्यासह पाहा, असं अमेरिकी डॉक्टर जॉर्ज एंगल यांनी १९७७ मध्येच मांडलं होतं. जागतिक आरोग्य संघटनेनंही २०२३ मध्ये जुनाट कंबरदुखीसाठी व्यायाम आणि रुग्णाला नीट समजावून सांगणं यांवर भर दिला. कंबरपट्टा, ट्रॅक्शन, अल्ट्रासाउंड हे नेहमीचे उपचार म्हणून नकोत, असं सांगितलं.

रिपोर्टमधली 'झीज' वाचून घाबरूही नका. काहीही दुखत नसलेल्या विशीतल्या सुमारे ३७ टक्के लोकांच्या स्कॅनमध्येही मणक्याच्या गादीची झीज दिसते. ऐंशीच्या वयात ती ९६ टक्क्यांमध्ये दिसते.

म्हणून कळकळीनं सांगते. पहिल्या भेटीत दुखण्याबरोबर आपलं काम, झोप, मधुमेह, ताण हेही सांगा. "घरी काय करू?" हे विचारल्याशिवाय उठू नका. दिवसच्या दिवस पडून राहू नका. झेपेल तेवढं चाला, हळूहळू वाढवा. मात्र लघवी-शौचावरचा ताबा जाणं, जांघेत बधिरपणा, पायातली ताकद कमी होणं यांतलं काहीही जाणवलं, तर व्यायामाची वाट न पाहता थेट हॉस्पिटल गाठा. दुखण्यासोबत ताप येत असेल किंवा विनाकारण वजन घटत असेल, तर आधी डॉक्टरांना दाखवा.

आणि तुमचा फिजिओथेरपिस्ट काहीच न विचारता मशीन लावू लागला, तर त्याला थांबवा आणि म्हणा, "आधी माझं ऐकून घ्या." तो तुमचा हक्क आहे.