डिफरन्शिअलला डावं-उजवं कळत नाही

कॉलेजात रेसकार बनवणाऱ्या आपल्या मुलामुलींमध्ये एक पद्धतच पडून गेली आहे. गाडी वळणावर नीट वागली नाही, की कोणीतरी म्हणतं "डिफ गेलं!" आणि दुसऱ्या मिनिटाला पाने बाहेर. मला ही पद्धत साफ चुकीची वाटते. डिफरन्शिअल हा बंद डबा, आतलं काही दिसत नाही, म्हणून सगळा आळ त्याच्यावर!

ज्यांची ब्रँच मेकॅनिकल नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. वळणावर बाहेरच्या चाकाला जास्त अंतर कापावं लागतं, आतल्याला कमी. दोघांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणं हे साध्या डिफरन्शिअलचं काम. पण त्याची खोड अशी, की ते दोन्ही चाकांना सारखाच टॉर्क देतं. एक चाक घसरलं, की त्याला जेवढा पेलतो तेवढाच दुसऱ्याच्याही वाट्याला येतो. वऱ्हाडात हे कळायला पुस्तक उघडावं लागत नाही. पावसाळ्यात आपल्या काळ्या मातीत ट्रॅक्टरचं एक चाक गरगर फिरतं आणि दुसरं ढिम्म हलत नाही. मग ड्रायव्हर डिफ-लॉकचं पेडल दाबतो, दोन्ही चाकं एकत्र बांधली जातात आणि ट्रॅक्टर निघतो. वळायच्या आधी मात्र पेडल सोडावं लागतं, नाहीतर तो सरळच जायला बघतो.

लिमिटेड स्लिप म्हणजे या दोन टोकांमधली तडजोड. १९३० च्या दशकात ऑटो युनियनच्या ग्रां प्री गाड्यांना एवढी ताकद आली, की वळणातून निघताना आतलं चाक नुसतं जागेवर फिरायचं. त्यावर झेडएफ कंपनीचं असं डिफरन्शिअल बसवलं गेलं. आज फॉर्म्युला स्टुडंटच्या बऱ्याच टीम प्लेटवालं वापरतात. ॲक्सिलरेटर दिला की आतले रॅम्प प्लेटा दाबतात आणि चाकं काही प्रमाणात एकमेकांना बांधली जातात. ते बाहेरून मागवायचं तर किंमत लाखांत जाते. स्पॉन्सरशिपसाठी दुकानोदुकानी फिरून गोळा केलेला हा पैसा असतो, म्हणून तर मला हे लिहावंसं वाटलं.

अकोल्याला ट्रॅक्टर दुरुस्त करणारे एक मिस्त्रीकाका आहेत. आमची टीम त्यांच्याकडे गेली तेव्हा ते म्हणाले, "पोट्टेहो, खोलता कायले? आंधी सांगा, गाडी कव्हा बिघडते?" मला वाटतं, सगळं निदान या एका "कव्हा"मध्ये आहे.

वळणात शिरताना गाडी सरळ पळते, की बाहेर पडताना? शिरतानाच नाक आत जात नसेल तर डिफरन्शिअल जास्त लॉक होत असेल, म्हणजे प्रीलोड जास्त किंवा ॲक्सिलरेटर सोडल्यावर काम करणारा रॅम्प कडक. बाहेर पडताना इंजिन ओरडतं, गाडी पुढे जात नाही आणि सिमेंटवर एकाच चाकाचा काळा पट्टा उमटतो? मग प्लेटा झिजल्याची शंका घ्या. हळू, तीव्र वळणावर कटकट आवाज येत असेल तर खोलण्याआधी ऑईल बघा. चुकीच्या ऑईलने प्लेटा अडखळतात, आणि ऑईल बदलणं हे सगळ्यात स्वस्त औषध.

आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे, त्रास दोन्हीकडे आहे का? डिफरन्शिअलला डावं-उजवं कळत नाही. गाडी फक्त डावीकडे वळतानाच घसरत असेल तर आधी टायरचं प्रेशर, चारही चाकांवरचं वजन, वाकलेली विशबोन आणि चिकटलेला ब्रेक बघा. मागचे दोन टायर आपसात बदला. त्रास दुसऱ्या बाजूला गेला, तर दोषी टायर! स्पर्धेतल्या स्किडपॅडमध्ये आतून १५.२५ मीटर व्यासाच्या दोन वर्तुळांत आधी उजवीकडे आणि मग डावीकडे फिरावं लागतं. आपण ते मार्कांसाठी करतो, पण दोन्ही बाजूंचे वेळ शेजारी लिहून ठेवले तर निदानाचं यापेक्षा चांगलं यंत्र नाही. सरळ रस्ता काही सांगत नाही. अमरावती-अकोला हायवेवर जून २०२२ मध्ये १०५ तास ३३ मिनिटांत ७५ किलोमीटरची लेन टाकून गिनीज रेकॉर्ड झाला, पण अशा सरळ रस्त्यावर डिफरन्शिअल झोपलेलंच असतं.

एवढं करूनही शंका उरली तर मोजा. गाडी न्यूट्रलला, मागचं एक चाक जमिनीवर आणि दुसरं जॅकवर. वरच्या चाकाच्या हबला टॉर्क रेंच लावून ते फिरायला लागतं तो आकडा बघा आणि मॅन्युअलशी ताडून पहा. प्लेटवाल्यात आकडा फार कमी आला तर ते खरंच गेलं. पण गिअरवर चालणाऱ्या टॉर्सनमध्ये हाच आकडा जवळपास शून्य असू शकतो आणि तरी ते ठणठणीत असतं! म्हणजे आपल्या गाडीत कोणत्या जातीचं बसलंय हे माहीत नसेल तर आकडाही फसवतो.

आता आपल्या अभ्यासक्रमाबद्दल. "डिफरन्शिअलची रचना व कार्य सुबक आकृतीसह स्पष्ट करा" हा प्रश्न आपण सगळ्यांनी पाठ केला आहे. आकृती मीही छान काढते. पण "गाडी फक्त डावीकडे घसरते, कारण शोधा" असा प्रश्न मी पाहिलेल्या एकाही पेपरात नाही. बिघाड शोधायला मार्क नसतील तर कोण शोधेल? मग मुलं पार्ट बदलतात, कारण पार्ट बदलला की काहीतरी केल्यासारखं वाटतं.

सरांना माझी मागणी छोटीशी आहे. प्रॅक्टिकलमध्ये एक बिघडवलेली गाडी द्या, बिघाड काय ते सांगू नका आणि पहिला एक तास पान्याला हात लावू देऊ नका. फक्त चालवायचं, ऐकायचं, मोजायचं, लिहायचं. पार्किंगची जागा रविवारी रिकामीच असते, कोन आमच्याकडे आहेत. टॉर्क रेंच लॅबच्या कपाटात आहे. त्याची किल्ली तेवढी मिळाली पाहिजे, आणि स्पर्धेच्या आदल्या दिवशी नव्हे, या सेमिस्टरमध्येच.