थाळीतून कापले जाणारे शुल्क

मुंबईहून गोरखपूरला निघालेल्या गाडीच्या जनरल डब्यात दीड दिवस दाटीवाटीने बसलेला माणूस जागेवरून उठत नाही. उठला की जागा गेली. खिडकीशी जे येईल ते, सांगतील त्या भावाने घ्यायचे, हेच त्याचे जेवण. खरे तर त्याच्यासाठीच रेल्वेचा ‘जनता खाना’ आहे : सात पुऱ्या, बटाट्याची भाजी, लोणचे, पंधरा-वीस रुपयांत. पण विकणाऱ्याला त्यात काही सुटत नाही, म्हणून ‘संपला’ हे उत्तर ठरलेले. २०२३ पासून काही स्थानकांवर जनरल डब्यांसमोर २० रुपयांचे जेवण मिळू लागले, हे चांगले झाले. पण मुळाशी असलेले दुखणे तसेच आहे.

खानपानाने आपला खर्च आपणच भागवावा, एवढ्यावर आपली रेल्वे थांबत नाही. तिला त्यातून कमाई हवी असते. गाडीतल्या जेवणाचा ठेका जास्त परवाना शुल्क देणाऱ्याकडे जातो. थाळीचा दर मात्र रेल्वेनेच बांधून दिलेला. मग हे शुल्क ठेकेदार भरून काढणार कुठून? डाळ पातळ होते, पनीरचे तुकडे मोजून पडतात, बिल मिळत नाही, पाण्याच्या बाटलीवर पाच रुपये जादा लागतात. ७४ स्थानके आणि ८० गाड्या तपासून ‘कॅग’ने २०१७ मध्ये काही पदार्थ माणसाने खाण्यालायक नसल्याचे नोंदवले. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये गोव्याहून मुंबईला येणाऱ्या ‘तेजस’ एक्स्प्रेसमधल्या दोन डझनांच्या आसपास प्रवाशांना नाश्त्यानंतर चिपळूणला रुग्णालयात न्यावे लागले. एवढे होऊनही धडा घेतला गेला नसेल, तर पुढची घटना याहून मोठी असेल.

प्रवासाचा खर्चही तिकिटातून निघत नाही. प्रवासी वाहतुकीचा सरासरी ५७ टक्केच खर्च वसूल होतो, असे रेल्वेनेच तिकिटांवर छापले होते. तो तोटा देशाने समजून उमजून सोसला. मग तीस तासांच्या प्रवासातली भूक तेवढी वेगळ्या हिशेबात का? अमेरिकेने हा हट्ट करून पाहिला आहे. तिथल्या ‘अ‍ॅमट्रॅक’ या प्रवासी रेल्वेच्या खानपानाने खर्च भरून काढलाच पाहिजे, अशी अट १९८१ मध्ये कायद्याने घातली. तोटा होतच राहिला. २०१९ मध्ये पूर्वेकडच्या रात्रीच्या गाड्यांतला ताजा स्वयंपाक बंद झाला आणि अखेर २०२१ मध्ये ती अटच रद्द करावी लागली.

रेल्वेचीच खानपान आणि तिकीटविक्रीची कंपनी ‘आयआरसीटीसी’ ऑनलाइन तिकिटांवरच्या सेवाशुल्कातून भरघोस नफा मिळवते. त्यातला वाटा जनता खान्याच्या प्रत्येक पाकिटामागे विक्रेत्याला द्यावा. परवाना शुल्क आधीच ठरवून टाकावे आणि निविदेत चढाओढ व्हावी ती स्वयंपाकघराच्या स्वच्छतेवर, जेवणाच्या दर्जावर. रेल्वे मंडळाने हे उन्हाळी गर्दीच्या आधी करावे; मे महिन्यात त्या जनरल डब्यात पिण्याचे पाणीही दुर्मीळ असते.