डिलीट केलेली राणी

ग्रुप फोटोतून नकोसा माणूस उडवायला हल्ली दोन क्लिक पुरतात. पण मंडळी, आमच्या नगरच्या (आता अहिल्यानगरच्या) एका राणीला कुणीतरी कॉम्प्युटरशिवायच डिलीट केलंय!

केस अशी. 1565 च्या सुमारास निजामशाहीत ‘तारीफ-इ-हुसेनशाही’ हे फारसी काव्य लिहिलं गेलं. कवी आफताबी. हिरो सुलतान हुसेन निजामशाह आणि चित्रांत त्याच्यासोबत त्याची बेगम, खुंजा हुमायूँ. हुसेन 1565 मध्ये गेला, मुलगा मुर्तझा लहान. मग काही वर्षं राज्य बाईंनीच चालवलं. पुढे मुलाने आईलाच कैद केलं. ही पोथी आज पुण्यात, भारत इतिहास संशोधक मंडळात आहे. तिच्या बहुतेक चित्रांत बेगमेची आकृती नंतर झाकून-पुसून टाकलीय. ती सत्तेवरून गेल्यावर हे झालं असावं, असं अभ्यासक मानतात.

हे वाचल्यावर आमच्यासारख्यांचे हात शिवशिवणारच. फोटोशॉप आहे, एआय आहे, आणूया की बाईंना परत!

थांबा बॉस. इथे कामं दोन आहेत. पहिलं, शोधायचं. रंगाखाली कार्बनच्या शाईचं रेखाटन असेल, तर ते इन्फ्रारेड कॅमेऱ्यात दिसू शकतं. बरेचसे रंग तो प्रकाश आरपार जाऊ देतात, कार्बन मात्र शोषून घेतो. वेगवेगळ्या प्रकाशात फोटो काढायचे, कॉम्प्युटरवर एकावर एक बसवायचे, कॉन्ट्रास्ट वाढवायचा. आर्किमिडीजचा खरवडून पुसलेला मजकूर अमेरिकेत बाल्टिमोरला 1998 नंतर याच वाटेने वाचला गेला.

दुसरं काम, भरायचं. जिथे काहीच उरलं नाही, तिथे सॉफ्टवेअर आजूबाजूचे पिक्सेल बघून अंदाज बांधतं. एआय तर झकास चेहरा काढून देईल. पण तो खुंजाचा असेल कशावरून?

म्हणून माझं म्हणणं साधं आहे. सापडलेलं एका लेयरवर, अंदाजाने भरलेलं दुसऱ्यावर, आणि बघणाऱ्याला दोन्ही वेगळं सांगायचं. मूळ पानाला हात लावायचाच नाही. तो धब्बाही पुरावाच आहे ना! तो गेला, तर एका बाईला कुणीतरी पुसलं होतं, हेही पुसलं जाईल.

आजीचा फाटका फोटो या वीकेंडला दुरुस्त करणार असाल, तर आधी आहे तसा स्कॅन करून वेगळा सेव्ह करा. मग कॉपीवर काय हवे ते प्रयोग करा!